खाटेचं अनुदान, खोलीचं डिपॉझिट

बेघरांच्या निवाऱ्यासाठी सरकारी अनुदान मागणाऱ्या आमच्या पहिल्या अर्जाच्या फाईलला १४२ पानं होती. प्रत्येक पानावर संस्थेचा गोल शिक्का, त्याखाली सचिव म्हणून माझी सही आणि वरच्या कोपऱ्यात लाल शाईने पान क्रमांक. दोन रात्री जागून आम्ही तिघींनी ती फाईल लावली होती. आवक-जावकच्या टेबलावर पोच मिळाली तेव्हा खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. पंधरा दिवसांनी त्रुटीचं पत्र आलं. त्यात एकच ओळ होती: अर्जावर सही करणाऱ्या अध्यक्षांचे नाव परिशिष्ट १ च्या उताऱ्यात आढळून येत नाही.

परिशिष्ट १ म्हणजे धर्मादाय कार्यालयातली संस्थेची नोंद, त्यात विश्वस्तांची नावं असतात. ते खरंच होतं. आमचे जुने अध्यक्ष आदल्या वर्षी वारले. आम्ही सभा घेतली, ठराव केला, नवे अध्यक्ष निवडले आणि कामाला लागलो. धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट दाखल करायचा मात्र राहून गेला. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे विश्वस्तांमधला बदल ९० दिवसांत कळवावा लागतो. आम्ही तो कळवला नव्हता, म्हणून सरकारदरबारी आमचे अध्यक्ष अजूनही तेच, गेलेले. मग विलंब माफीचा अर्ज, मृत्यूचा दाखला, सभेची नोटीस, इतिवृत्त, नव्या विश्वस्तांचं संमतीपत्र आणि त्यावर सुनावणीची तारीख. हे सगळं होईपर्यंत त्या वर्षीची संस्थांची निवड संपून गेली होती. चूक सर्वस्वी आमची होती. त्या हिवाळ्यात स्टेशनबाहेर झोपलेल्या माणसांसमोर ब्लँकेट घेऊन जाताना मला ती चूक रोज आठवायची.

हे लिहायचं कारण असं, की महिन्यातून एखादा तरी फोन येतो: ताई, आम्हालाही बेघरांसाठी काम करायचंय, सरकारी अनुदान कसं मिळतं, काय काय लागतं? फोनवर हे सांगून होत नाही. म्हणून सहा-सात वर्षांत जे हातून झालं आणि जे चुकलं ते इथे सविस्तर मांडते आहे.

आमची संस्था लहान. सुरुवात ब्लँकेटवाटपापासून झाली, पुण्यात अशा कामाची सुरुवात बहुतेक तिथूनच होते. डिसेंबरात रात्री अकरानंतर पुणे स्टेशन, मंगळवार पेठ, स्वारगेट, मंडई असं फिरायचो. दोन-तीन हिवाळ्यांनंतर आम्हाला एक गोष्ट खटकू लागली. तीच ती माणसं दरवर्षी भेटत होती, आणि मागच्या वर्षीचं ब्लँकेट कुणाकडेच नसायचं. दिवसभर कामावर जाणारा माणूस ते ब्लँकेट ठेवणार कुठे? झाडाच्या बेचक्यात, दुकानाच्या शटरमागे, सुलभच्या माणसाकडे पाच रुपये देऊन. पाऊस आला की गेलं, सफाई झाली की गेलं.

तेव्हाच एक मोठा गैरसमजही गळून पडला. बेघर म्हणजे भीक मागणारे असं आमच्याही डोक्यात होतं. प्रत्यक्षात आम्हाला भेटले ते मार्केट यार्डात पोती उचलणारे, मजूर अड्ड्यावर सकाळी उभे राहणारे, भंगार वेचणारे, आणि फार मोठ्या संख्येने केटरिंगमध्ये काम करणारे. लग्नसराईत वाढपी आणि भांडी घासणाऱ्यांना टेम्पो रात्री दीड वाजता आणून सोडतो. हातात रोजाचे पैसे असतात आणि जायला घर नसतं. त्यात पुन्हा राज्यात १९५९ चा भिक्षा प्रतिबंध कायदा अजून आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली त्यातली भीक मागणं गुन्हा ठरवणारी कलमं दिल्लीपुरती रद्द केली, पण इथे फुटपाथवर झोपलेला कष्टकरीसुद्धा पोलिसांची गाडी दिसली की दचकून उठतो.

जनगणनेत या माणसांसाठी वेगळी रात्र ठेवलेली असते. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री बेघरांची मोजणी झाली. रस्त्याकडेला, पुलाखाली, जिन्याखाली, ह्यूम पाइपमध्ये, देवळाच्या आवारात, फलाटावर जो झोपतो तो बेघर, अशी तिथली व्याख्या आहे. देशभरात तो आकडा सुमारे १७.७ लाख आला, त्यातले ९.३८ लाख शहरांमधले. आम्हीही अर्जासाठी आमच्या भागात रात्रीची मोजणी केली. कुणालाही उठवायचं नाही, तोंडावर बॅटरी मारायची नाही, हे आधीच ठरवलं होतं. तरी पहिल्या रात्री घोळ झालाच. एका गोधडीखाली एक माणूस धरून आम्ही पुढे गेलो, परत येताना त्याच गोधडीतून आई आणि दोन मुलं बाहेर आली. त्यानंतर आम्ही पायताणं मोजायला लागलो. उशाखाली, विटेखाली, पिशवीत खोचलेली पायताणं. चोरीला जातात म्हणून कुणी ती पायाशी ठेवत नाही.

आता योजनेबद्दल. शहरातल्या बेघरांसाठी कायमचा, बारमाही निवारा असला पाहिजे हे सरकारच्या कागदावर यायला सर्वोच्च न्यायालय लागलं. अन्नाच्या हक्काची २००१ ची याचिका चालू होती. २०१० च्या जानेवारीत दिल्लीत थंडीने माणसं मेली, तेव्हा न्यायालयाचे आयुक्त डॉ. एन. सी. सक्सेना आणि हर्ष मंदर यांनी पत्र लिहून ते निदर्शनास आणलं. त्यातून मोठ्या शहरांत दर लाख लोकसंख्येमागे एक निवारा हे सूत्र आलं. पुढे २०१३ साली राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान सुरू झालं (ते २०२४ मध्ये संपलं), त्यात शहरी बेघरांसाठी निवारा हा स्वतंत्र घटक आला. दर लाख लोकसंख्येमागे किमान १०० माणसांची सोय, एक निवारा ५० ते १०० जणांचा, माणशी किमान ५० चौरस फूट जागा आणि दिवसाचे चोवीस तास खुला दरवाजा. पुणे शहराची २०११ ची लोकसंख्या ३१ लाख. म्हणजे ३,१०० खाटा. हा हिशोब मी पहिल्यांदा केला तेव्हा वहीच्या मागच्या पानावर पुन्हा करून पाहिला होता.

पैशाचं गणित मार्गदर्शक सूचनांत असं होतं: ५० जणांच्या निवाऱ्याला चालवण्यासाठी वर्षाला ६ लाख रुपये, पाच वर्षांपर्यंत. त्यातला ७५ टक्के वाटा केंद्राचा, २५ टक्के राज्याचा. महिन्याला झाले ५० हजार, माणशी दिवसाला साधारण ३३ रुपये. यात व्यवस्थापक, तीन पाळ्यांचे काळजीवाहक, सफाई, वीज, अंथरूण-पांघरूण सगळं बसवायचं. जेवणासाठी दुसरी सोय पाहायची. निवारा उभा करतं शहर, चालवायला संस्था निवडली जाते. म्हणून आपण अनुदान म्हणतो खरं, पण संस्थेच्या बाजूने तो एक करार असतो आणि त्यात अटी असतात. हे आधी कळलं असतं तर आम्ही अधिक तयारीने उतरलो असतो.

कागदांपैकी जे खरोखर अडवतात तेवढेच सांगते. १८६० च्या कायद्याखालचं आणि १९५० च्या कायद्याखालचं अशी दोन्ही नोंदणी प्रमाणपत्रं. परिशिष्ट १ चा ताजा उतारा, घरात पडलेला जुना चालत नाही. तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, आणि ते धर्मादाय कार्यालयात वेळेत दाखल केल्याची पोच. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा संस्थेचा क्रमांक, ज्याला विश्वस्तांचे पॅन आणि आधार लागतात. आमच्या एका वयस्कर विश्वस्तांच्या आधारवर आडनाव एका वेलांटीने वेगळं होतं, त्यात पंधरा दिवस गेले. आयकराची १२अ (संस्थेला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) ही प्रमाणपत्रं. अनुदानासाठी स्वतंत्र बँक खातं. ऑनलाइन अर्ज भरायचा असेल तर डिजिटल सही, आणि तिची मुदत संपलेली नाही ना हे अर्जाच्या आदल्या आठवड्यात पाहायचं, शेवटच्या दिवशी नाही.

ठरावाबद्दल एक सांगावंसं वाटतं. आम्ही पहिल्यांदा 'अनुदानासाठी अर्ज करण्यास मान्यता' एवढाच ठराव केला होता. दुसऱ्या वेळी आमच्या सी.ए. साहेबांनी शिकवलं तसा लिहिला: अर्ज कुणी करायचा, करारावर सही कुणी करायची, खातं कुणी चालवायचं, आणि हप्ता उशिरा आला तर दरम्यानचा खर्च संस्था कशातून करणार. हे शेवटचं वाक्य लिहिताना सभेत सगळे गप्प झाले, कारण त्याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. एका विश्वस्त मावशींनी तिथेच सांगितलं, माझी दोन लाखांची एफडी आहे, ती मोडते. ते पैसे पुढे तीनदा वापरले गेले आणि तीनदा परत केले.

दुसऱ्या वर्षी निवड झाली. जागेची पाहणी करायला दोन अधिकारी आले, सोबत टेप. एका जुन्या इमारतीचा तळमजला होता. जिना, पोटमाळा आणि ओटा वगळून त्यांनी खोलीन् खोली मोजली. टेपचं दुसरं टोक धरून मी भिंतीभिंतीने फिरत होते. २,५६० चौरस फूट भरलं. ५० माणसांना २,५०० लागतात. साहेबांनी आकडा वहीत लिहिला आणि म्हणाले, "मॅडम, कपाटं कमी ठेवा." तेवढंच. मग आम्ही कपाटं ठेवलीच नाहीत, खाटेखाली कुलपाच्या पत्र्याच्या पेट्या केल्या. आज विचाराल तर त्या पेट्या हीच आमच्या निवाऱ्यातली लोकांना सगळ्यात आवडलेली गोष्ट आहे. एका काकांनी पहिल्या रात्री पेटीत फक्त एक ब्लँकेट ठेवलं, कुलूप लावलं, किल्ली करगोट्याला बांधली आणि दोनदा उठून कुलूप ओढून पाहिलं.

शेजारच्या सोसायटीचा विरोध झाला, तो होणारच होता. लहान मुलं खेळतात, असे लोक नकोत, असं निवेदन फिरलं. आम्ही निवेदनाला उत्तर दिलं नाही, सह्या करणाऱ्यांना एकेक करून चहाला बोलावलं. अर्धे आले. त्यांच्यातल्याच दोघी आता दर गुरुवारी भाजी चिरायला येतात. उरलेल्यांचं मन वळलं असं मी म्हणणार नाही, पण तक्रारी थांबल्या.

हप्त्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण लहान संस्था इथेच मोडून पडतात. पैसा केंद्राकडून राज्याकडे, राज्याकडून शहराकडे आणि तिथून आपल्याकडे येतो, आणि प्रत्येक पायरीवर मागच्या पैशाचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे तो कशावर खर्च झाला याचा दाखला, लागतं. शंभर ठिकाणांपैकी पाच ठिकाणी कागद अडला तरी पुढची रक्कम सुटायला वेळ लागतो, आणि तुमचा कागद पहिल्या दिवशी दिलेला असला तरी त्याचा उपयोग होत नाही. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, ती याच प्रश्नासाठी: निधी असूनही निवारे का उभे राहत नाहीत, पैसा कुठे थांबतो. आमचा दुसरा हप्ता आठ महिने आला नाही. कोणत्या टेबलावर थांबला ते मला ठाऊक नाही आणि कुणाकडे बोट दाखवायचंही नाही. पण त्या आठ महिन्यांत किराणा दुकानाची उधारी ७० हजारांवर गेली आणि काळजीवाहकांचे दोन पगार चुकले. रात्रपाळीचा आमचा मुलगा, स्वतः भाड्याच्या खोलीत राहणारा, तिसऱ्या महिन्यात येऊन म्हणाला, "ताई, घरमालक आता थांबत नाही." बेघरांच्या निवाऱ्यात काम करणाऱ्या माणसाच्याच घरावर गदा आली होती. त्या संध्याकाळी एफडीचे पैसे पहिल्यांदा काढले. ज्यांना या कामात उतरायचं आहे त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे की सहा महिन्यांचे पगार हाताशी असल्याशिवाय करारावर सही करू नका.

आता रजिस्टर. अनुदान चालू राहतं ते रजिस्टरवर. अनुक्रमांक, नाव, वय, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, सही किंवा अंगठा. उपस्थितीचा आकडा दर महिन्याला वर जातो आणि निवाऱ्याचा वापर किती टक्के हे त्यावरून ठरतं. पहिल्या वर्षी मे महिन्यात रात्री अकराला अचानक तपासणी झाली. रजिस्टरवर ४४ अंगठे, खाटांवर ३१ माणसं. तेरा जण केटरिंगच्या कामाला गेले होते. संध्याकाळी सातला निघताना त्यांनीच अंगठा दिला होता आणि आमच्या काळजीवाहकाने तो घेतला होता, रात्री दोनला झोपेतून उठून रजिस्टर कोण काढणार म्हणून. कुणाचा वाईट हेतू नव्हता. पण सरकारी कागदावर, जो माणूस तिथे नाही त्याची हजेरी आहे, आणि याला दुसरं नाव नाही. अहवालात तसा शेरा लागला. मी लेखी खुलासा दिला, त्यात चूक झाकली नाही, आणि कामाला गेलेल्या तेरा जणांची नावं, ठेकेदाराने सांगितलेली लग्नाची ठिकाणं जोडली. खुलासा मान्य झाला. दुसऱ्या दिवसापासून रजिस्टर रात्री अकरालाच भरायचं, जो येणार आहे पण आलेला नाही त्याच्यापुढे रकाना मोकळा ठेवायचा, आणि उजवीकडे मी पट्टीने एक जादा रकाना आखला. वर लिहिलं: शेरा. त्यात 'कामावर', 'ससूनला दाखल', 'गावी' असं लिहायला सुरुवात केली. छापील नमुन्यात हा रकाना नव्हता.

वर्ष संपल्यावर उपयोगिता प्रमाणपत्र. नमुना १२-अ, सामान्य वित्तीय नियम २०१७ मधला. मंजूर रक्कम, मिळालेली रक्कम, खर्च, शिल्लक. अनुदानाच्या खात्यावर जमा झालेलं व्याजसुद्धा आपलं नसतं, ते परत करावं लागतं. पहिल्या वर्षी ते १,१४३ रुपये होते आणि ते भरायचं चलन कसं काढायचं हे शोधण्यात आमचे तीन दिवस गेले. खर्च ज्या शीर्षाखाली मंजूर त्याच शीर्षाखाली दाखवायचा. सफाईच्या शीर्षात पैसे उरले म्हणून गाद्या घेता येत नाहीत, त्यासाठी आधी परवानगी लागते. मंडईतल्या भाजीवालीकडे बिल नसतं, तिथे आपलं व्हाउचर करून सही घ्यायची, आणि पाच हजारांवरच्या पावतीला रेव्हेन्यू स्टॅम्प लावायचा. हे मी ज्या दिवशीचं त्या दिवशी करायला शिकले, कारण मार्चअखेरीला वर्षभराची व्हाउचरं घेऊन बसलेली संस्था मी पाहिली आहे, आणि ती संस्था आमचीच होती.

या सगळ्या कागदांमधून माणसाच्या आयुष्यात फरक पाडणारा कागद कोणता, असं कुणी विचारलं तर मी निवाऱ्याच्या लेटरहेडचं नाव घेईन. मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाने आधारच्या ठरलेल्या नमुन्यात दाखला दिला तर तो पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो. दाखल्याची मुदत तीन महिने. पेटीला कुलूप लावणारे ते काका मूळचे बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातले. तीस वर्षं पुण्यात स्लॅबच्या कामावर. त्यांना घेऊन मी आधार केंद्रात गेले. यंत्रावर अंगठा ठेवला, उठला नाही. दुसरं बोट, तिसरं बोट. दहाही बोटं झाली. सिमेंटने रेषा खाल्ल्या होत्या. काउंटरवरच्या मुलीने ओला कपडा दिला, त्यांनी बोटं पुसली, पुन्हा ठेवली. काका माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, मी आहे ना इथं?" मला काही बोलता आलं नाही. मग तिने डोळ्यांचा कॅमेरा पुढे ओढला आणि काम झालं. डोळे अजून शाबूत होते.

आधार आलं म्हणून सगळं झालं असं नव्हतं. श्रावणबाळ योजनेला वय ६५, उत्पन्न वर्षाला २१ हजारांच्या आत आणि महाराष्ट्रात १५ वर्षं वास्तव्य लागतं. वयाचा दाखला सरकारी दवाखान्यातून मिळाला. वास्तव्यासाठी आमची एक कार्यकर्ती एसटीने गावाला गेली आणि जुन्या मतदार यादीत त्यांचं नाव शोधून आली. तहसील कार्यालयात सहा फेऱ्या झाल्या. तेव्हा पेन्शन १,००० रुपये होती, २०२३ पासून ती १,५०० झाली. हे काम कुणी केलं तर एक माणूस रस्त्यावरून कायमचा उठतो, आणि त्याला लागते एसटीची दोन तिकिटं, झेरॉक्स आणि कुणाचे तरी बारा दिवस.

मानसिक आजार असलेल्या माणसांबद्दल थोडक्यात. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम १०० प्रमाणे, आजारी अवस्थेत भटकणाऱ्या आणि स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या माणसाला पोलिसांनी संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत सरकारी रुग्णालयात न्यायचं असतं. आम्ही हे कलम छापून लॅमिनेट करून ठेवलं आहे. उपचारानंतर त्या माणसाने राहायचं कुठे, हा प्रश्न आमच्याकडेच परत येतो, आणि त्याला ५० खाटांच्या हॉलमध्ये नीट उत्तर नाही.

आता मला मुळात जे सांगायचंय ते. कोविडच्या टाळेबंदीनंतर एक ताई आल्या. धुणीभांडी करायच्या, दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत पत्र्याची खोली, भाडं साडेतीन हजार. चार कामांपैकी तीन सुटली, पाच महिन्यांचं भाडं थकलं, दहा हजारांच्या डिपॉझिटमधून मालकाने ते वळतं करून घेतलं आणि उरलेल्यासाठी मुदत दिली. त्या आमच्याकडे जागा विचारायला आल्या होत्या, सोबत आठवीतली मुलगी. मी त्यांना विचारलं, खोली कधी सोडायची आहे? म्हणाल्या, रविवारी. त्या दिवशी बुधवार होता.

अनुदानाच्या नियमाप्रमाणे त्या अजून बेघर नव्हत्या. सोमवारी झाल्या असत्या. सोमवारी त्या आल्या असत्या तर त्यांच्यासाठी खाट, गादी, काळजीवाहक सगळ्याची तरतूद होती. बुधवारी लागत होते साडेसात हजार थकलेले आणि महिनाभराचा शिधा, आणि त्याची तरतूद कुठल्याच शीर्षात नव्हती. आम्ही दोघी-तिघींनी तिथेच पैसे काढले, मी मालकाला जाऊन भेटले. तोही काही सावकार नव्हता, रिक्षा चालवणारा, चार महिने रिक्षा बंद. पावती घेतली. त्या ताई निवाऱ्यात एक रात्रही राहिल्या नाहीत, म्हणून आमच्या कुठल्याही मासिक अहवालात त्यांचा आकडा आलेला नाही. मुलगी पुढे दहावी झाली.

त्या आठवड्यात मी जुन्या रजिस्टरांमधून दाखल नोंदी वाचून काढल्या. दाखल करताना आम्ही 'येण्याचं कारण' लिहितो. त्यात भाडं थकलं, खोलीमालकाने काढलं, आजारपणात काम गेलं, नवऱ्याने हाकललं, ही कारणं पुन्हा पुन्हा येत होती. जन्मापासून रस्त्यावर असलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. म्हणजे बहुतेकांच्या आयुष्यात असा एक बुधवार येऊन गेला होता.

पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात मी 'खोली डिपॉझिट साहाय्य, ६०,००० रुपये' अशी ओळ घातली. ती काढून टाकली गेली, योजनेत तशी तरतूद नाही म्हणून. त्यांचं बरोबर होतं, तरतूद खरंच नव्हती. मग आम्ही ८०जीच्या देणग्यांमधून वेगळा 'खोली निधी' काढला. त्याचे नियम साधे ठेवले. पैसे माणसाच्या हाती न देता मालकाला, पावती घेऊन. निवाऱ्यातल्या तिघांनी मिळून खोली घ्यायची असेल तर त्यांनी आधी तीन महिने रोज थोडे पैसे आमच्याकडे साठवून दाखवायचे. जमेल तसं परत करायचं. परत न आलेलेही आहेत, पण निधी आटलेला नाही.

काकांनी दोघा सोबत्यांबरोबर अशीच खोली घेतली. एक जण मार्केट यार्डात, एक वॉचमन, आणि काकांची पेन्शन. भाडं साडेचार हजार, डिपॉझिट पंधरा. जायच्या दिवशी त्यांनी पेटीची किल्ली करगोट्यातून सोडवून मला दिली. गाठ सुटत नव्हती, दाताने सोडवली. मी रजिस्टर उघडलं. तिघांच्या नावापुढे त्या जादा रकान्यात लिहिलं: खोली घेतली. त्याच रात्री तीनही खाटा भरल्या.

त्यानंतरच्या तपासणीला नवे साहेब आले होते. रजिस्टर चाळताना त्यांचं बोट उजव्या रकान्यावर थांबलं. हा नमुन्यात नाही, म्हणाले. मी हो म्हटलं आणि मे महिन्यातली ती गोष्ट सांगितली. ते ऐकत ऐकत खाली वाचत गेले. कामावर, कामावर, ससून, गावी, खोली घेतली, कामावर, खोली घेतली, मुलगा घेऊन गेला. पान उलटलं, मागची तीन पानं वाचली. मग विचारलं, "हे 'खोली घेतली'वाले परत आले का?"

मी म्हटलं, एकोणीसपैकी दोन.

त्यांनी रजिस्टर बंद केलं नाही. म्हणाले, "या पानांचं झेरॉक्स मिळेल का?" मुलगा झेरॉक्स आणायला कोपऱ्यावर गेला, आणि तोवर ते तिथेच, पेटीवर बसून राहिले.